केंद्रशासित वाडी

कालिंदी मॅडम नकाशा फळ्यावर काढत नाहीत, हवेत काढतात. बोट काश्मीरला टेकवतात आणि कन्याकुमारीला पोहोचेपर्यंत पदर खांद्यावरून सुटलेला असतो. महाडच्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्र घेणारे आम्ही मूठभरच. बाकीच्यांना एमआयडीसीतल्या लॅबमध्ये चिकटायचं असतं, ते केमिस्ट्री घेतात. मला भांडायला आवडतं म्हणून मी राज्यशास्त्र घेतलं, असं आमचे आप्पा गावभर सांगतात. आणि ते काही खोटं नाही.

त्या दिवशी मॅडम राज्य आणि केंद्रशासित प्रदेश यांतला फरक सांगत होत्या.

"राज्याचे अधिकार घटनेनं दिलेले. ती कुणाची मेहरबानी नव्हे. राज्य आपली माणसं निवडतं, आपले कायदे करतं. केंद्रशासित प्रदेशाचा कारभार केंद्र बघतं, आपला प्रशासक पाठवतं. दिल्ली, पुदुच्चेरीला विधानसभा आहे खरी, पण बरीचशी दोरी केंद्राच्याच हातात."

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी बाकावरून उठलेच.

"मॅडम, ही तर आमची वाडी!"

वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. "बस आणि सांग," म्हणाल्या. पण मला बसून सांगताच येत नाही.

तर आमचं गाव आंबेकोंड. पोलादपूरहून कापड्याकडे जाताना आत फाटा फुटतो, तिथं. गाव एक, वाड्या चार, आणि सगळ्यांवर मिळून गावकी. प्रत्येक वाडीचा एक माणूस गावकीत बसतो. शिमग्याला काळकाईची पालखी निघते आणि वाडीवाडीनं फिरते. आता ऐका, कारण सगळी गोष्ट इथंच आहे. पालखी एका वाडीतून दुसरीत शिरते तेव्हा हद्दीवर नारळ फुटतो, आणणारे दांडा सोडतात आणि त्या वाडीचे गडी खांदा देतात. हद्दीच्या आत परक्या वाडीचा खांदा चालत नाही. मग वाडीच्या मधोमध चौथरा असतो, त्याला सहाण म्हणतात. पालखी टेकवायची ती तिथंच. हा वाडीचा मान. जमीन विकतील, मान विकणार नाहीत, अशी आमची माणसं.

आमची वरची वाडी डोंगरावर होती. एका पावसाळ्यात डोंगराला भेग पडली. सुदैवानं माणूस सोडाच, कोंबडीसुद्धा दगावली नाही, पण साहेब लोक आले, भेग बघितली आणि म्हणाले, इथं राहायचं नाही. मग खाली रस्त्याला लागून सरकारी जागेत घरं मिळाली. सगळी एकसारखी, निळ्या पत्र्याची. पहिल्या वर्षी आमची आत्या दोनदा शेजारच्याच घरात जाऊन चुलीवर चहा ठेवून आली.

घरं मिळाली, मान गेला. वर जायची वाट ढासळलेली, तिथं पालखी जात नाही. आणि खाली आमची वाडी नाहीच. खाली आहे ती 'वसाहत'. गावकीत आमचा माणूस नाही. गावकीनं ठरवलं, वसाहतीचं आम्ही बघू. म्हणजे काय, तर सगळ्या वाड्या झाल्या, चाकरमानी मुंबईला परतले, की अगदी शेवटी खालच्या वाडीचे गडी पालखी घेऊन येतात, दारोदार झुकवतात आणि निघून जातात.

"राज्याचा केंद्रशासित प्रदेश झाला म्हण की," मॅडम म्हणाल्या.

"हो! आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही."

हे सांगताना माझा आवाज चढला, कारण माझ्या डोळ्यांसमोर आप्पा होते. माझे वडील मुरारी. वरच्या वाडीत होतो तेव्हा पालखीचा पुढचा दांडा त्यांचा. लोक पालखी बघायला येत तसे पालखी नाचवणारे मुरारीचे पाय बघायला येत. आता पालखी दारात येते, तेव्हा ते पडवीत हात जोडून उभे राहतात, पाहुण्यासारखे. पण खालूबाजा वाजायला लागला की धोतराखाली त्यांचे पाय आपसूक हलतात, आणि मग त्यांना ते कळतं आणि ते पाय थांबवतात. ते थांबवणं मला बघवत नाही. मला बाकी काही नको होतं. या शिमग्याला माझा बाप दांड्याखाली पाहिजे होता.

संध्याकाळच्या एसटीनं घरी आले ती उड्या मारतच. आप्पा गोठ्यात होते. त्यांना मी गोव्याचं सांगितलं. गोवा आधी केंद्रशासित होता, सत्त्याऐंशी साली राज्य झाला. हिमाचल तसंच, मणिपूर तसंच, त्रिपुरा तसंच.

"म्हणजे होता येता, आप्पा! केंद्रशासिताचा राज्य होता येता!"

"तुझा देश तुझ्यापाशी ठेव," आप्पा म्हणाले. "गावकीत तोंड उघडशील तर माझी लाज जायल."

रंगूआत्या, त्यांची थोरली बहीण, आई गेल्यापासून हिनंच मला वाढवलं, ती दारातून ओरडली, "लाज हाय कुठं तुझी? ती वरच ठेवून आलास ना डोंगरावर?"

शिमग्याआधीची गावकी देवळात भरली. आमच्या गावाचं केंद्र सरकार दिल्लीत नाही, नालासोपाऱ्यात आहे. तिथल्या मुंबई मंडळाला विचारल्याशिवाय इथं पान हलत नाही. म्हणून मंडळाचा सेक्रेटरी हृतिक मोबाईलवर हजर होता आणि तो मोबाईल घंटेच्या साखळीत अडकवून ठेवला होता. मध्येच कुणी घंटा वाजवली की सगळं मुंबई मंडळ झुलायचं.

बायका देवळाच्या कडेला उभ्या राहतात, बोलत नाहीत. मी बोलले.

"आमच्या वसाहतीला वाडीचा मान कधी देणार?"

गावकीचे अध्यक्ष अनिलकाका चष्म्यावरून बघायला लागले. माणूस वाईट नाही. कुणाच्या घरी मयत झालं तर पहिला धावतो. पण रीत म्हटली की दगड.

"वाडी म्हणजे जिला सहाण हाय ती," ते म्हणाले. "तुमच्याकडं सहाण हाय काय?"

"बांधायला परवानगी द्या."

"सहाण वाडीलाच बांधता येते. तुमची वाडी नाय, वसाहत हाय."

"म्हणजे सहाण नाय म्हणून वाडी नाय, आणि वाडी नाय म्हणून सहाण नाय?"

"आता कसा बरोबर समजलीस!" काका खूष होऊन म्हणाले.

देऊळभर हशा. मी गोवा काढला. काका म्हणाले, गोव्याला समुद्र हाय, तुमच्याकडं काय हाय? आणखी हशा. आप्पा खांबामागं गेले. पण आता मागं हटेन तर मी मुरारीची मुलगी कसली? "पाहुण्यांसारखी पालखी येते आणि जाते, आमची घरं काय गावात नाहीत? आमची वर्गणी घेताना वसाहत आठवत नाही?" असं काय काय मी बोलत सुटले. मागून रंगूआत्यानं जोर लावला, "बोल गो, बोल!"

तेवढ्यात साखळीवरचा हृतिक म्हणाला, "एक मिनिट, एक मिनिट. इश्यू काय आहे, वसाहत बोलल्यावर फीलिंग येत नाही. बरोबर? आपण नाव देऊ ना. 'नवी आंबेवाडी'. मंडळ मस्त बोर्ड देईल, कमानीसारखा, रस्त्यावर. पालखी येईल त्या दिवशी उद्घाटन. मी स्वतः थांबतो."

टाळ्या. अनिलकाकांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं, "गावकीला मंजूर. आजपासून नवी आंबेवाडी." आमची वसाहत तर इतकी खूष झाली की रामाकाकांनी तिथल्या तिथं गुलाल उधळला. आप्पाही खांबामागून बाहेर आले, डोळ्यांत पाणी.

"आणि खांदा?" मी विचारलं. पण तोवर ढोल वाजायला लागला होता.

मी घरी येऊन जेवले नाही. भीक मागायला गेलो भाकरीची आणि घेऊन आलो पाटी, वर हे सगळे नाचतायत!

दुसऱ्या दिवशी कॉलेजात मी मॅडमना गाठलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अमेरिकेत चार राज्यं आपल्या नावात 'राज्य' लावत नाहीत, 'कॉमनवेल्थ' लावतात. पेनसिल्व्हेनिया, व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स, केंटकी. नाव वेगळं, पण हक्क बाकीच्या राज्यांइतकेच. आता पोर्तो रिको बघ. तेही स्वतःला कॉमनवेल्थच म्हणवतं. पण ते राज्य नाही. तिथं राहणाऱ्याला अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निवडायला मतसुद्धा नाही."

"म्हणजे आमचं पोर्तो रिको केलं!"

"ते मला कसं ठाऊक असणार? नावाला भुलू नकोस आणि नावावर रुसूही नकोस. तुमच्या गावात त्या नावामागून काय काय येतं ते बघ."

एसटीत मला खिडकी मिळाली तरी मी बाहेर बघितलं नाही. नावामागून काय येतं? वाडी म्हटलं की काय येतं? सहाण येते, पण ती आमच्याकडे नाही. गावकीतली जागा येते, पण ती दिली तर मिळणार. फाट्यावर उतरले, तर तिथं बोर्डाचे खांब उभे करायचं काम चाललेलं. वेल्डिंगवाला विचारत होता, कुठं रोवू? आणि रामाकाका हातवारे करून सांगत होते, "हितं, हितं. हितनं आमची वाडी सुरू."

मी जागच्या जागी थबकले. हद्द!

गावकीनं आम्हाला वाडी म्हटलं. वाडी म्हटल्यावर हद्द आली. आणि हद्दीच्या आत परक्या वाडीचा खांदा चालत नाही. लहानपणी वरच्या वाडीच्या हद्दीवर मी डोळ्यांनी बघितलंय, खालच्या वाडीचे आडदांड गडी तिथं आले की उचललेलं पाऊलसुद्धा मागं घेत. काळकाईचा धाक काही साधा नाही. नाव देताना गावकी आपलीच रीत विसरली होती! मला इतका आनंद झाला की मी वेल्डिंगवाल्याला म्हटलं, "चांगला खोल रोवा हां, दादा." घरी जाऊन आत्याच्या कानात सगळं सांगितलं. तिनं ऐकलं, उठली आणि फळीवरचा सगळ्यांत मोठा नारळ उतरवून पदराखाली धरला. जसं काही पालखी दारातच उभी होती.

आप्पांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्या दिवशी गुरं घेऊन रान गाठलं असतं.

पालखी आली ती नेहमीसारखी शेवटच्या दिवशी, भर दुपारी. चाकरमान्यांच्या रजा संपलेल्या. माझा भाऊ अक्षय एमआयडीसीत पहिल्या पाळीला. तरी आमच्या दारादारात रांगोळ्या, बायकांच्या हातात आरत्या, आणि रस्त्यावर तो बोर्ड, झेंडूत बुडालेला. हृतिक मोबाईल उंच धरून उलटा चालत येत होता आणि मुंबईला लाईव्ह दाखवत होता. मागं खालूबाजा, सनई नुसती किंचाळत होती, आणि खालच्या वाडीच्या गड्यांच्या खांद्यावर काळकाई, झळाळत, डुलत.

अनिलकाकांनी फीत कापली. पालखी पुढं निघाली. मी बोर्डाखाली आडवी आले आणि आत्याकडचा नारळ दगडावर हाणला. एका फटक्यात दोन भकलं.

"खांदा बदला!"

बाजा थांबला. काका म्हणाले, "हा काय नवीन?"

"नवीन नाय काका, जुनाच हाय. ही वाडी हाय ना? गावकीनं मंजूर केली ना? मग ही हद्द. हद्दीच्या आत परका खांदा चालतो काय?"

काकांनी चष्मा सारखा केला. वर बोर्डाकडं बघितलं. बोर्डावर त्यांचं स्वतःचं नावही होतं, चांगलं मोठं. "अगो, ते नाव आपला प्रेमानं दिलेला..."

पण पुढच्या दांड्याखालच्या गड्यानं उचललेलं पाऊल मागं घेतलं. "काका, पोरगी बरोबर बोलते. दुसऱ्याच्या वाडीत मी खांदा घालणार नाय. आई काळकाई रागवंल."

"मी पण नाय," मागचा म्हणाला.

"काका," हृतिक हळूच म्हणाला, "लाईव्ह चालू आहे. सगळं मंडळ बघतंय."

काकांनी देवीपुढं हात जोडले. रीत म्हटली की दगड, हे मी मघाशी म्हटलं ना? तो दगड आता आमच्या बाजूनं पडला. "रीत ती रीत," ते म्हणाले. "घ्या. पण एक सांगतो. तुमची सहाण नाय. भुईला टेकवता येणार नाय. सगळी घरं होईस्तोवर खांद्यावरच ठेवायची. झेपंल?"

मी मागं वळले. आप्पा पडवीतून उतरून रस्त्यावर आले होते. हात अजून जोडलेलेच होते. मी म्हटलं, "आप्पा, घ्या." ते माझ्याकडं असं बघायला लागले, जणू मी कोण ते त्यांना ओळखूच येत नव्हतं. मग आत्यानं त्यांच्या पाठीत थाप मारली आणि ते चालायला लागले, आणि मग धावायला. पुढचा दांडा त्यांनी खांद्यावर घेतला तेव्हा आमच्या बायकांनी जो आवाज केला तो पोलादपूरला गेला असेल. रामाकाका दुसऱ्या खांद्याला, त्यांचा पोरगा स्वराज मागं.

आणि चौथा?

चौथा नव्हताच. वाडीतली तरणी माणसं मुंबईत नाहीतर कंपनीत. उरलेल्या म्हाताऱ्यांना दांडा नुसता लागला तरी मोडले असते. आमच्या विजयाच्या उत्साहात हे कुणी मोजलंच नव्हतं, मी तर नाहीच. खालच्या वाडीचा गडी अजून दांडा धरून हद्दीबाहेर उभा होता, त्याला घाम फुटला होता.

"मी चालू काय, मुरारीदादा?" तो म्हणाला. "एवढी घरं काढून देतो."

"नको," आप्पा म्हणाले. "हद्दीत परका खांदा नाय." आणि माझ्याकडं बघितलं.

दहा जणांपुढं ठणकावून सांगितलेली रीत आता माझ्याच गळ्यात आली होती. आता पालखी परत फिरणार, आणि पुढच्या वर्षी सगळे म्हणणार, बघितलं ना, यांना झेपतंय कुठं?

"अक्षदा," आप्पा म्हणाले. "ये."

मला आधी कळलंच नाही.

"ये गो! बघत काय राहिलीस?"

"मुरारी!" अनिलकाका पुढं झाले. "बाईमाणसाचा खांदा? आजवर झाला नाय. गावकी काय म्हणंल?"

आप्पांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता. तेव्हाही चढला नाही. "गावकीनं गावाचा बघावा, अनिल. या हद्दीत कोणाचा खांदा लावायचा ते आमची वाडी बघंल."

मी पदवीला बसणारी मुलगी, संघराज्यावर पानंच्या पानं लिहिलेली. पण राज्याचा अधिकार म्हणजे काय ते मला त्या मिनिटाला कळलं. काका दोन पावलं मागं सरले, बोर्डाच्या पलीकडं.

मी ओढणी कमरेला बांधली आणि दांड्याखाली शिरले. बाप रे! देवी हलकी असते असं कोण म्हणतं? दांडा हाडावर बसला आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. बाजा सुरू झाला. पुढं आप्पांचे पाय उठले, आणि मी बाकी सगळं सोडून त्या पायांकडं बघायला लागले. दोन पुढं, एक मागं, झोका, गिरकी. चार वर्षं दाबून ठेवलेले पाय होते ते, काय सांगू! आप्पा नाचत होते, रामाकाका रडत होते, स्वराज मला "डावीकडं, डावीकडं!" ओरडत होता, आणि मी हसत होते, मोठमोठ्यानं, वेड्यासारखी. पहिल्या दाराशी रंगूआत्यानं ओवाळलं. तिनं देवीला ओवाळलं, मग आप्पांना, आणि मग मला, आणि तेही इतकं जोरात की आरती विझली. कुणी अपशकुन म्हटलं नाही.

प्रत्येक दारात पालखी झुकली. घाई नाही, उरकणं नाही. म्हातारे दांड्याला नुसता हात लावून गेले. अक्षयची कंपनीची बस फाट्यावर थांबली तेव्हा आम्ही शेवटच्या घरापाशी होतो. तो डबा फेकून धावत आला, "सोड, मी घेतो!" मी म्हटलं, "मागाहून ये, आता मी सोडत नाय." सोडायचं म्हटलं तरी खांदा दांड्यापासून सुटला असता की नाही कोण जाणे.

हद्दीवर खालच्या वाडीचे गडी वाट बघत होते. अनिलकाका त्यांच्यात उभे होते, बाहेर, आम्ही पालखी द्यायची वाट बघत. आम्ही दिली. खांद्यावरून ओझं गेलं. कुर्ता खांद्याला चिकटला होता, आतून रक्त आलेलं.

आप्पा वळले. एवढ्या वेळात पहिल्यांदाच त्यांनी मागं बघितलं. माझ्या खांद्याकडं बघितलं आणि विचारलं, "दुखतो?"

"खूप," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

"दुखू दे," आप्पा म्हणाले. "आता दर शिमग्याला दुखणार हाय."